कॉल साइन आली, आता पुढं काय?

हॅम रेडिओची, म्हणजे हौस म्हणून स्वतःचं रेडिओ स्टेशन चालवायच्या लायसन्सची, परीक्षा देणारी बरीच मुलं मी बघतोय, आणि मुलंच कशाला, पन्नाशी ओलांडलेले काका लोक पण बघतोय, आणि त्यात एक गोष्ट सारखी दिसते की माणूस परीक्षेत गळत नाही, पास झाल्यावर गळतो. अभ्यास करतात, पास होतात, लायसन्सची वाट बघत बसतात, एकदाची व्हीयू३ ने सुरू होणारी कॉल साइन, म्हणजे एअरवरची आपली ओळख, हातात येते, व्हॉट्सॲपला स्टेटस पडतं, सगळे अभिनंदन करतात. आणि नंतर तो माणूस एअरवर कधी ऐकूच येत नाही, हँडी म्हणजे हातातला रेडिओ कपाटात आणि सर्टिफिकेट फाइलमध्ये. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून आज लायसन्स मिळवण्यापेक्षा त्याच्यानंतरच्या दिवसांबद्दल जास्त लिहितोय.

तरी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. आपल्याकडं लायसन्स देते ती दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी विंग, अर्ज सरल संचार पोर्टलवर ऑनलाइन करायचा, वय १२ पूर्ण पाहिजे, सायन्सची डिग्री बिग्री काही लागत नाही. दोन ग्रेड आहेत, रिस्ट्रिक्टेड म्हणजे व्हीयू३ आणि जनरल म्हणजे व्हीयू२. रिस्ट्रिक्टेडला मोर्स कोड लागत नाही, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडे नियम एवढाच पेपर, जनरलला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगानं मोर्स घ्यायचं आणि पाठवायचं. लायसन्स फी २० वर्षांची १००० रुपये, आयुष्यभराची २०००. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, हातात लायसन्स नसताना ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून वॉकीटॉकी मागवून ठेवू नका. नुसता जवळ बाळगणं पण कायद्यात बसत नाही, आणि तसाही लायसन्स येईपर्यंत करण्यासारखं भरपूर आहे.

म्हणजे काय, तर ऐकणं. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे युनिव्हर्सिटीचा वेबएसडीआर आहे, ब्राउझर उघडायचा आणि तिथल्या अँटेनावर जे येतंय ते घरी बसून ऐकायचं, स्वतःचा रेडिओ लागत नाही. एलएसबी, यूएसबी म्हणजे काय, आवाज बदकासारखा येतोय तर फ्रिक्वेन्सी किती सरकवायची, लोक बोलायला सुरुवात कशी करतात, मधे कसे घुसतात, निरोप कसा घेतात हे पुस्तकात वाचून कळत नाही ते तिथं आठवडाभर रोज अर्धा तास ऐकलं की आपोआप कळतं. सेव्हंटी थ्री म्हणजे शुभेच्छा, क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, हे पाठ करत बसायची गरजच पडत नाही. फोनेटिक्सची, म्हणजे प्रत्येक अक्षर ठरलेल्या शब्दानं सांगायची, प्रॅक्टिस मात्र मुद्दाम करा आणि ती रस्त्यावर करा, पुढच्या गाडीची नंबर प्लेट वाचायची, एमएच ११ दिसली की माइक होटेल वन वन. साताऱ्यात राहता तर दिवसात शंभर वेळा होईल.

आता मुख्य मुद्दा. लायसन्स आल्यावर माणूस गप्प का बसतो? मला जेवढे भेटले त्यातल्या बहुतेकांचं कारण एकच, माइकची भीती. स्टेजवर समोर माणसं तरी दिसतात, इथं बटण दाबलं की कोण कोण ऐकतंय ते कळतच नाही, आणि आपण चुकलो तर सगळे सीनियर ओएम (ओल्ड मॅन, म्हणजे हॅम मंडळी) ऐकणार असं डोक्यात असतं.

कराडची एक मुलगी, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, परीक्षेत एकदम मस्त मार्क, सर्किट तोंडपाठ, पण संध्याकाळच्या नेटवर, म्हणजे ठरलेल्या वेळी एअरवर जमणाऱ्या कट्ट्यावर, बोलायची वेळ आली की तिचा हात पीटीटीवर, म्हणजे बोलायच्या बटणावर, जायचा आणि परत यायचा. एकदा तिनं बटण दाबलं, दोन सेकंद धरलं आणि सोडून दिलं. पलीकडून नेट चालवणारे जुने ओएम म्हणाले, "कुणाचा तरी कॅरियर आला, आवाज नाही आला, सावकाश या, आम्ही थांबलोय." आणि खरंच थांबले, बाकी कुणाला बोलू दिलं नाही. मी शेजारीच होतो, म्हटलं कागद घे आणि बोलायचंय ते सगळं लिहून काढ, अगदी शब्दन् शब्द. तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, आधी समोरच्याची कॉल साइन, मग स्वतःची फोनेटिक्समध्ये, मग नाव, गाव, तुमचा सिग्नल पाच नऊ (म्हणजे स्वच्छ आणि जोरात) येतोय, माझा कसा येतोय, ओव्हर. आणि ते तिनं वाचून दाखवलं, एका दमात, गाडी सुटल्यासारखं. समोरून तिचं नाव घेऊन रिपोर्ट आला आणि त्याच्यापाठोपाठ आणखी तिघांनी एकेक करून तिला बोलावलं. ती आता स्वतः नेट चालवते आणि तिला कागद लागत नाही, पण नवीन कुणी आलं की तीच पहिल्यांदा कागदाचं सांगते.

रिपीटरवर, म्हणजे आपला सिग्नल घेऊन तो पुढं लांबवर पाठवणाऱ्या स्टेशनवर, बोलताना दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या. बटण दाबल्यावर सेकंदभर थांबून मग बोला, कारण रिपीटर उघडायला क्षणभर लागतो आणि नाहीतर तुमच्या कॉल साइनचं पहिलं अक्षरच खाल्लं जातं. आणि समोरच्याचं बोलणं संपलं की लगेच झडप घालू नका, दोन सेकंद मोकळे सोडा, कुणाला इमर्जन्सी असेल तर त्याला घुसायला तेवढीच फट असते. लोक म्हणतात रिपीटर लागत नाही, रेडिओ खराब आहे, आणि बघावं तर ऑफसेट किंवा टोन सेट केलेला नसतो. २ मीटरच्या बँडवर ऐकायच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा साधारण ६०० किलोहर्ट्झचा फरक (हाच ऑफसेट) ठेवून ट्रान्समिट करायचं असतं आणि सोबत रिपीटरला हवा तो सबऑडिबल टोन (कानाला न जाणवणारा खालचा सूर) पाठवायचा असतो, हे एकदा कुणीतरी शेजारी बसून हँडीच्या मेनूत दाखवलं की पाच मिनिटांचं काम आहे, आणि एकट्यानं मॅन्युअल वाचून केलं तर दोन रविवार जातात. म्हणून म्हणतो, नवीन माणसाला कुठला रेडिओ घेऊ याच्या सल्ल्यापेक्षा शेजारी बसणारं कुणीतरी हवं असतं.

दुसरी गोष्ट, एक तरी अँटेना स्वतःच्या हातानं बनवा. माझी आवडती म्हणजे मेजरिंग टेपची यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना. हार्डवेअरच्या दुकानातली साधी स्टीलची टेप आणायची, कात्रीनं कापायची, रिफ्लेक्टर १०५ सेंटीमीटर, डायरेक्टर ८९, आणि मधल्या एलिमेंटचे दोन तुकडे ४५-४५ चे, दोन तुकड्यांच्या मधे अडीच सेंटीमीटर फट. पाइप अर्धा इंची पीव्हीसी, रिफ्लेक्टरपासून मधलं एलिमेंट २० सेंटीमीटरवर आणि तिथून डायरेक्टर ३२ वर, टेप पाइपला होज क्लिपनं आवळायची. मधल्या दोन तुकड्यांना यू आकाराची साधारण १३ सेंटीमीटर वायर जोडायची, तिच्यामुळं ५० ओहमच्या केबलशी मॅच होतं. सगळ्यात जास्त त्रास देतो तो टेपवरचा पिवळा रंग, तो पॉलिश पेपरनं घासून चकचकीत स्टील दिसेपर्यंत काढला नाही तर सोल्डर धरतच नाही, गोळी होऊन घरंगळून पडतो. टोकं धारदार राहतात, त्यांना इन्सुलेशन टेप लावा, लहान पोरं घरात असतील तर नक्कीच.

ही अँटेना घेऊन गच्चीवर जायचं आणि १४५.८०० मेगाहर्ट्झ लावून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची वाट बघायची. स्थानक कधी डोक्यावरून जाणार हे मोबाइलवरच्या ॲपमध्ये दिसतं, पास जेमतेम १० मिनिटांचा. मधून मधून तिथून एसएसटीव्ही म्हणजे आवाजाच्या रूपात चित्रं पाठवतात, एक चित्र यायला दोन मिनिटं लागतात, हँडीच्या स्पीकरजवळ मोबाइल धरून रोबोट३६ ॲप चालू ठेवलं की स्क्रीनवर एकेक ओळ करून चित्र उतरायला लागतं. डॉप्लरमुळं, म्हणजे स्थानक वेगानं जवळ येतं आणि लांब जातं त्यामुळं, फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास सरकते पण एफएमला तेवढं चालून जातं, काही फिरवावं लागत नाही, फक्त अँटेना स्थानकाच्या मागं मागं फिरवत राहायची आणि मनगट आडवं उभं करत आवाज कशात जास्त स्वच्छ येतोय ते बघायचं. आपण कापलेल्या टेपवर चारशे किलोमीटर वरून चित्र येतंय म्हटल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात, त्या दिवसानंतर त्यांना आणखी पटवून द्यावं लागत नाही. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जुलैमध्ये स्थानकावर होते तेव्हा तेही तिथून हॅम रेडिओवर बोलले होते, तेव्हापासून शाळांमधून याच्याबद्दल विचारणा वाढलीय ते एक बरं झालं.

लाइन ऑफ साइट, म्हणजे मधे आडकाठी नसलेली सरळ रेषा, शिकवायला साताऱ्यासारखं गाव नाही. एक लायसन्सवाला यवतेश्वरच्या घाटात उभा करायचा आणि दुसरा पोवई नाक्यावर, ५ वॅटच्या हँडीवर शेजारी उभं राहून बोलल्यासारखं येतं, आणि मग खालच्याला अजिंक्यताऱ्याच्या पलीकडं उतरायला सांगायचं, डोंगर मधे आला की आवाजात खरखर, आणि मग काहीच नाही. व्हीएचएफ (हँडीवरच्या या लहरी) डोंगर ओलांडत नाही हे पेपरात लिहिणारी मुलं ते तिथं पहिल्यांदा कानानं ऐकतात.

लांब बोलायचं तर एचएफ म्हणजे शॉर्टवेव्ह, आणि इथं लोक खर्चाला घाबरतात. अँटेनाचा खर्च नाहीच म्हणा, ७ मेगाहर्ट्झचा डायपोल म्हणजे वायरचे साधारण दहा-दहा मीटरचे दोन तुकडे, मधे केबल, पाण्याच्या टाकीच्या पाइपवरून दोन्हीकडं उतरते सोडायचे. दिवसा बेंगळुरू, हैदराबाद मिळतं, रात्री बँड लांबचा होतो. रेडिओ महाग आहेत हे खरं, पण हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स नावाचा ट्रान्सीव्हर (पाठवणारा आणि ऐकणारा एकच रेडिओ) नेमका यासाठीच डिझाइन केला की इथल्या बाजारात मिळणाऱ्या पार्टमधून तो घरी बनवता यावा, पहिल्या डिझाइनमध्ये कॉइल गुंडाळायला चक्क नळाचे वॉशर वापरलेत, आणि आज जगभर लोक तो बनवतात. नवीन माणसाला हे आवर्जून सांगावं. एफटी८ म्हणजे कॉम्प्युटरनं छोटे संदेश पाठवायची पद्धत, त्याबद्दल पण विचारतात, लॅपटॉप लावून कमी पॉवरवर जगभर कॉन्टॅक्ट होतात, नोबेल मिळालेल्या जो टेलर यांनी त्यावर काम केलंय, जबरदस्त गोष्ट आहे, पण माझं मत असं की पहिले काही महिने तोंडानं बोला, नाहीतर माइकची भीती आहे तिथंच राहते.

आता थोडं आपल्या जुन्या लोकांना, आणि हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. काही ठिकाणी नेटवर रोजचे चार पाच जण आपापसात बोलतात, नवीन कुणी कॉल दिला तर "स्टँड बाय" म्हणून ठेवतात आणि विसरून जातात, किंवा चुकीचं काही बोलला तर सगळ्यांसमोर झाडतात. असं केलेला माणूस परत येत नाही. चूक सांगायची तर फोनवर सांगा, नाहीतर भेटल्यावर सांगा, एअरवर फक्त त्याला कॉल साइननं बोलवा आणि रिपोर्ट द्या. २००४ च्या डिसेंबरमध्ये हॅम भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या त्या हौसेच्या रेडिओ मोहिमेसाठी, २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि तोच रेडिओ अंदमानातून लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवायला लागला. पण निरोप पोचायला या बाजूला कुणीतरी सेट चालू करून बसलेलं लागतं, आणि ती माणसं त्याच दिवशी तयार होत नाहीत, ती रोज संध्याकाळी नेटवर येणारी, आवाज ओळखीचे असलेली माणसं असतात. आज ज्याला आपण स्टँड बाय करून विसरतो तो त्यातला एक होऊ शकला असता.

व्हीयू३ वाल्यांनी जमेल तेव्हा व्हीयू२ कडं वळावं. मोर्स अवघड नाही, फक्त डॉट डॅशचा तक्ता पाठ करू नका, अक्षराचा आवाज पूर्ण वेगात ऐका आणि दोन अक्षरांच्या मधली जागा जास्त ठेवा. कॉख पद्धतीनं के आणि एम या दोनच अक्षरांपासून सुरुवात होते, मोर्स शिकवणारी एलसीडब्ल्यूओची साइट फुकट आहे, रोज पंधरा वीस मिनिटं पुरतात, पण रोज. कराडच्या त्या मुलीनं आणि तिच्या वर्गातल्या एकानं सुरू केलंय, के, एम, यू पक्के झालेत, सध्या आर चाललाय.