ग कुठंय?

शनिवारी प्रॅक्टिसला कीबोर्डवाल्याने परत तोच प्रश्न टाकला, "तू ए मेजर वाजवतोयस का मायनर?" मी गिटारवर, म्हटलं, दोन्ही नाही, पॉवर कॉर्ड. तर चिडला, त्याला वाटलं मी उडवून लावतोय. पण खरंच तसंच आहे ना, पॉवर कॉर्डमध्ये सा आणि प एवढंच, फार तर वरचा सा, मेजर (शुद्ध ग) का मायनर (कोमल ग) ते ठरवणारा ग त्यात नसतोच.

आणि हा आळस नाहीये (बरं, थोडा आहे). डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) फुल करून अख्खा ए मायनर दाबून बघा, नुसता चिखल. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचेही स्वर निघतात. सा-प च्या कंपनांचं प्रमाण २:३, वजाबाकी १, तो निघतो खालचा सा, म्हणून आवाज उलट भरदार होतो. सा आणि कोमल ग साधारण ५:६, वजाबाकी इथेही १, पण तो पडतो खालच्या कोमल ध वर, म्हणजे तुम्ही वाजवताय ए आणि सी आणि खाली कुठेतरी एफ घुमतोय, त्याला कोणी बोलावलं!

गंमत म्हणजे २ आणि ३ ची बेरीज ५, तो शुद्ध ग. म्हणजे न वाजवताच मेजरचा हलका भास. तानपुऱ्याजवळ बसणाऱ्यांना हा गंधार ओळखीचा असेल, खर्जाच्या तारेतून आपला आपण ऐकू येतो तो, स्वयंभू. तरी त्याच सा-प च्या तानपुऱ्यावर भूप रागही गातात आणि शिवरंजनीही, आणि त्या दोघांच्या स्वरांत फरक फक्त ग चा! गाणारा कोमल ग लावतो आणि विषय संपतो.

डीप पर्पल या रॉक बँडचं १९७२ चं 'स्मोक ऑन द वॉटर' घ्या, प्रत्येक गिटारवाल्याने दुकानात वाजवून दुकानदाराला पिडलेलं. त्याच्या रिफमध्ये (पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल) एकेका वेळी दोनच स्वर, वर सा आणि खाली प, ग कुठेच नाही, तरी मायनर वाटतं, कारण ती जोडीच सरकते सा, कोमल ग, म अशी. ग कॉर्डमध्ये नाही, चालीत आहे.

तर शनिवारचा घोळ असा की गाणारा सी (ए चा कोमल ग) लावत होता आणि कीबोर्डवर सी शार्प (शुद्ध ग) चालू होता. आणि विचारतोय मला.