तिकीट नसलेली कार्डं

टपालाची जुनी तिकिटं घेऊन माझ्या दुकानात येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काका, किती येतील?’ रामबागेतून आलेल्या त्या गृहस्थांनी तो विचारलाच नाही. ‘तिकीट एकावरही नाही. रद्दीत घालण्याआधी म्हटलं तुम्हाला दाखवावं,’ म्हणाले आणि दोऱ्याने बांधलेलं पुडकं काउंटरवर ठेवलं.

दोरा सोडला आणि हातातला चहा बाजूला ठेवला. युद्धकैद्यांची कार्डं! १९२९ च्या जिनिव्हा कराराने या टपालाला तिकीट माफच होतं.

आजोबा त्यांचे मराठा लाइट इन्फन्ट्रीत. मंडणगडकडचे, इंदूरला वडील आले, हुकुमचंद मिलच्या नोकरीसाठी. २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा तीस हजारांवर सैनिक पकडले गेले, त्यांत दुसरी मराठा पलटणही होती. ‘मग लढाई संपेपर्यंत इटलीत,’ असं घरात सगळ्यांना पाठ.

मजकूर प्रत्येक कार्डात तोच. ‘मी खुशाल आहे. काळजी नसावी. बैल विकू नये.’ सेन्सॉरच्या धाकाने कैदी दुसरं लिहिणार तरी काय? घरच्यांनी हा मजकूर वाचून वाचून घड्या झिजवल्या होत्या, पत्त्याची बाजू मात्र कोणी पाहिली नव्हती. आमचं काम तिथेच सुरू होतं.

वरची कार्डं इटालियन छपाईची. छावणीचं नाव नाही, ‘पी. जी.’ (इटालियनमध्ये ‘युद्धकैदी’ची आद्याक्षरं), पुढे आकडा आणि लष्करी टपालाचा क्रमांक. तळाचं एक मात्र वेगळं. वर ठळक जर्मन ‘क्रीग्सगेफांगेननपोस्ट’, म्हणजे युद्धकैद्यांचं टपाल, कडेला छावणीच्या सेन्सॉरचा ‘गेप्र्यूफ्ट’, म्हणजे ‘तपासलं’, असा पुसट शिक्का. भिंगाखाली पेन्सिलीची तारीख लागली, मार्च १९४४.

म्हणजे आजोबा तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होते. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली आणि तिथले हजारो कैदी जर्मनांनी मालडब्यांत कोंबून उत्तरेला नेले.

‘मग सुभाषबाबूंच्या फौजेत असतील!’ गृहस्थ खुलले.

जर्मनीत हिंदी कैद्यांतून तशी फौज उभी राहिली होती, हे खरं. पण या कार्डावर कैदी क्रमांक आहे, स्टालागचं, म्हणजे जर्मन कैदी छावणीचं, नाव आहे. त्या तारखेला ते कैदीच होते. याच्या पलीकडे कार्ड बोलत नाही. गृहस्थांना ते रुचलं नाही. असल्या गोष्टी जोडून लिलावात भाव चढवणारे आमच्या धंद्यात कमी नाहीत. मला ते जमत नाही.

जर्मन कार्डाला एकट्याला चांगले पैसे आले असते, घेणाराही डोळ्यांसमोर होता. तरी लॉट फोडू नका म्हटलं. दोन्ही बाजू स्कॅन करून दिल्या, लॅमिनेशन करू नका असं बजावलं. जिनिव्हाला रेडक्रॉसच्या अभिलेखागारात चौकशीचा अर्ज करता येतो, त्यासाठी कैदी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दिला.

निघताना म्हणाले, धाकट्या काकांकडे गावी आणखी काही कार्डं आहेत. ती आधी मागवा, म्हटलं. शेवटचं इटालियन कार्ड आणि हे जर्मन, यांच्या मधलं एखादं हाती लागलं तर अर्जात पुष्कळ लिहिता येईल.