मायक्रोफोन कॅम्पेनची नोंद: तीन कमिशन आणि मुरलेले क्लिक

मंडळी, मागच्या नोंदीनंतर कॅम्पेन बरंच बदललंय, ते एकदाचं लिहून काढतो. विषय तोच, घरच्या घरी आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांसाठीचे मायक्रोफोन. गूगलच्या शोधनिकालांत मी पैसे देऊन लावलेल्या सर्च जाहिरातीवर क्लिक करून माणूस माझ्या तुलनेच्या पानावर येतो, तिथून विक्रेत्याकडे जातो आणि त्याने खरेदी केली तर मला कमिशन. क्लिकचे पैसे त्याच दिवशी जातात. कमिशन पक्कं झालं की नाही हे कळायला मात्र महिना-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. यावेळची जवळजवळ सगळी कामं या मधल्या काळाभोवती झाली.

बोली कुठे थांबवायची

बोली म्हणजे एका क्लिकसाठी आपण जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहोत तो आकडा. एका विक्रीचं कमिशन 100 धरू, म्हणजे हिशेब तोंडी होतो. पानावर आलेल्या शंभरांतले 40 जण विक्रेत्याकडे जातात आणि त्या चाळिसांतले 5 टक्के, म्हणजे दोघं, खरेदी करतात. शंभर क्लिकमागे दोन विक्री, म्हणजे क्लिकमागे 2. इथपर्यंत सगळेच येतात. पण काही ऑर्डर रद्द होतात, काही वस्तू परत जातात आणि अ‍ॅफिलिएट नेटवर्क (विक्रेता आणि आपल्यातला कमिशनचा हिशेब ठेवणारी मधली कंपनी) ते कमिशन काढून घेतं. ही गळती 15 टक्के धरली तर विक्रीमागे हातात पडणारे 85 आणि क्लिकमागची कमाई 1.70. त्याच्या वर बोली गेली की पदरमोड सुरू. 30 टक्के नफा राखायचा असेल तर 1.19 च्या आसपास थांबावं लागतं.

हे गणित आधी करून ठेवायचं, कारण जाहिरातीच्या जागेसाठी होणाऱ्या लिलावात दुसऱ्याचा आकडा दिसत नाही. पूर्वी दिसायचा! 1998 मध्ये गोटू डॉट कॉम या सर्च इंजिनने बोलीनुसार निकाल लावायला सुरुवात केली तेव्हा निकालाशेजारी जाहिरातदाराची बोली छापलेली असायची. समोरच्याच्या किंचित वर बोली लावली की तुम्ही वर. 2002 मध्ये गूगलने क्लिकवर पैसे घेणारा लिलाव आणला आणि बोलीच्या जोडीला जाहिरातीवर लोक किती क्लिक करतात हेही क्रमात धरलं. तेव्हापासून नेमकी जाहिरात लिहिणाऱ्याला तीच जागा स्वस्तात मिळू शकते, आणि आपल्यासारख्या हौशी लोकांचा निभाव लागतो तो त्यामुळेच. गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये (शोधशब्दांची मागणी आणि अंदाजे बोली दाखवणारं साधन) पानाच्या वरच्या भागासाठी बोलीचा जो पट्टा दिसतो, तो बाजारभाव झाला. आपल्याला काय परवडतं ते त्याला माहीत नसतं.

कीवर्ड बंद कधी करायचा

सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर गेला, आणि मला वाटतं उपयोगही याचाच सगळ्यात जास्त झाला.

एखादा कीवर्ड, म्हणजे ज्या शोधशब्दावर जाहिरात लावलीय तो, पैसे खातोय आणि विक्री शून्य. किती थांबायचं? कुणी म्हणतं 50 क्लिक, कुणी 100, कुणी "मन सांगतं तेव्हा". संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा ठोकताळा आहे, रूल ऑफ थ्री. विक्री शून्य असेल तर 3 ला क्लिकच्या संख्येने भागायचं. खरा विक्रीदर त्या उत्तराच्या खाली आहे असं 95 टक्के खात्रीने म्हणता येतं. 150 क्लिकनंतर शून्य असेल तर उत्तर 2 टक्के. वरच्या उदाहरणात 1.70 च्या बोलीला खर्च भरून निघायला नेमके 2 टक्केच लागतात, म्हणजे आता कीवर्ड बंद करायला आधार आहे. पन्नासाव्या क्लिकला तो नव्हता. 2 टक्के दराने विकणारा कीवर्डसुद्धा पहिल्या 50 क्लिकमध्ये शून्य दाखवण्याची शक्यता 36 टक्के असते. शंभराव्या क्लिकला ती 13 टक्क्यांवर येते, दीडशेव्याला 5 च्या जरा खाली.

आता हेच पैशांत मांडून बघा. 150 क्लिक गुणिले 1.70 म्हणजे 255. हातात पडणारं कमिशन 85, त्याची तिप्पटही 255. बोली निम्मी करा, 0.85. मग खर्च भरून निघायला 1 टक्का पुरतो, त्यासाठी 300 क्लिक बघावे लागतात, आणि 300 गुणिले 0.85 पुन्हा 255. बोली काहीही असो, उत्तर तेच. तीन कमिशनांइतका खर्च झाला आणि एकही विक्री नाही, तर कीवर्ड बंद. माझ्या शीटमध्ये आता क्लिक मोजायचा रकाना यासाठी वापरतच नाही, फक्त खर्च भागिले निव्वळ कमिशन. आकडा 3 झाला की ओळ लाल.

यात एक मेख आहे. जेमतेम खर्च भरून काढणारे वीस कीवर्ड असतील तर त्यांतला एखादा या नियमाने विनाकारण जाईल. जाऊ दे. जेमतेम भरून काढणाऱ्याच्या जाण्याने कुणाचं घर बसत नाही.

उलट बाजू जास्त फसवी आहे. दहा क्लिकमध्ये एक विक्री झाली की हात शिवशिवतात, बोली वाढवाविशी वाटते. पण फक्त 1 टक्क्याने विकणारे वीस कीवर्ड प्रत्येकी दहा क्लिक चालवले तर त्यांतले साधारण दोन जण निव्वळ नशिबाने विक्री दाखवणारच. म्हणून पहिल्या विक्रीला मी बोलीला हात लावत नाही. किमान चार-पाच पक्क्या विक्री दिसेपर्यंत त्या ओळीला नुसता हिरवट रंग.

या नियमाचा एक परिणाम असा की कीवर्डची यादी आपोआप लहान झाली. चाळीस कीवर्ड तपासायचे तर वाईटात वाईट 120 कमिशनांची तयारी हवी. हौसेला एवढं भांडवल नसतं. म्हणून एकाच हेतूचे शब्द एका गटात घेतले आणि निर्णय गटावर ठेवला. "घरी रेकॉर्डिंगसाठी यूएसबी माइक" आणि "कॉम्प्युटरला जोडायचा रेकॉर्डिंग माइक" यांच्यासाठी वेगळी परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

मुरलेले क्लिक

तीन कमिशनांचा नियम कालच्या क्लिकला लावला तर चांगले कीवर्ड नाहक मारले जातील. माइक घेणारा माणूस वाचतो, तुलना करतो, आठवड्याने परत येतो. म्हणून शीटमध्ये प्रत्येक ओळ म्हणजे एका आठवड्याचे क्लिक. त्या आठवड्यातल्या क्लिकमधून विक्री कधीही होवो, ती त्याच ओळीत जाते. कुकी म्हणजे ग्राहक आपल्याकडून आला याची ब्राउझरमधली खूण. ऑफरच्या, म्हणजे विक्रेत्याच्या कमिशन योजनेच्या, कुकीची मुदत संपली की ती ओळ मुरली, आणि लाल-हिरव्याचा निर्णय फक्त मुरलेल्या ओळींवर. कमिशन पक्कं की रद्द, हे त्यानंतर भरलं जातं. तोवर नेहमीची गळती धरून चालतो. कुकीची मुदत ऑफरनुसार खूप बदलते. अमेझॉनची 24 तास (वस्तू कार्टमध्ये टाकली तर जास्त), इतरांकडे बऱ्याचदा 30 दिवस.

दोन रिपोर्ट एकमेकांशी का जुळत नाहीत याचं उत्तरही इथेच आहे. गूगल अ‍ॅड्सचा नेहमीचा कन्व्हर्जन (म्हणजे झालेल्या विक्रीचा) रकाना विक्री क्लिकच्या तारखेला टाकतो, नेटवर्क साधारणपणे ऑर्डरच्या तारखेला दाखवतं. दोन्हींच्या महिन्याच्या बेरजा शेजारी ठेवून डोकं खाजवत बसू नका, त्या जुळणार नाहीतच.

क्लिक आणि विक्री जोडायची कशी? गूगलचं ऑटो-टॅगिंग चालू असलं की जाहिरातीच्या प्रत्येक क्लिकला जीसीएलआयडी नावाची लांबलचक ओळख मिळते. ती अ‍ॅफिलिएट लिंकच्या सबआयडीत (लिंकला जोडलेली आपली खूण, विक्रीच्या रिपोर्टमध्ये ती परत मिळते) जशीच्या तशी घालायचा मोह होतो. पण त्या ओळखीत लहान-मोठी रोमन अक्षरं वेगळी मानली जातात, आणि एका नेटवर्ककडून सबआयडी परत आला तो सगळा लहान अक्षरांत. जोडणीच तुटली. आता माझं पान प्रत्येक भेटीला साधा क्रमांक देतं. नुसते अंक. तो क्रमांक, जीसीएलआयडी, कीवर्ड, मॅच टाइप (कीवर्ड शोधाशी किती काटेकोर जुळवायचा ते) आणि डिव्हाइस एका ओळीत साठतात, आणि सबआयडीत फक्त क्रमांक जातो. विक्री आली की क्रमांकावरून जीसीएलआयडी काढायचा आणि ऑफलाइन कन्व्हर्जन (आपल्या पानाबाहेर झालेली विक्री) म्हणून गूगलकडे चढवायचा. क्लिक 90 दिवसांपेक्षा जुना असेल तर गूगल तो घेत नाही, म्हणून सगळं पक्कं व्हायची वाट न बघता प्रलंबित विक्री गळतीइतकी कमी करून चढवतो. 100 च्या जागी 85.

सफारीचे आकडे वेगळे बघतोय. सफारी 2020 पासून थर्ड-पार्टी कुकी (उघडलेल्या साइटखेरीज दुसऱ्याच साइटने ठेवलेली) सरसकट अडवतो, त्यामुळे विक्रेत्याचं ट्रॅकिंग जुन्या पद्धतीचं असेल तर विक्री होऊनही आपल्या खात्यात येत नाही. एका ऑफरमध्ये बाकी ब्राउझरवर विक्री आणि सफारीवर जवळजवळ शून्य, असं चित्र होतं. ती ऑफर सोडली.

सर्च टर्म्समध्ये सापडलेलं

सर्च टर्म्स रिपोर्ट, म्हणजे लोकांनी प्रत्यक्षात काय शोधलं त्याची यादी, 2020 च्या सप्टेंबरपासून आखडता हात घेतो, कमी वेळा शोधलेले बरेच शब्द दाखवतच नाही. तरी जे दिसतं ते वाचण्यासारखं असतं. फ्रेज मॅचवर (शोधात त्या शब्दांचा अर्थ आला की जाहिरात दिसते) "कंडेन्सर माइक" ठेवला होता. त्यात आलेले शोध: कंडेन्सर माइकमधून गुणगुण येते, कंडेन्सर माइकचा आवाज कमी येतो, कंडेन्सर माइक ड्रायव्हर. या सगळ्यांकडे माइक आहे! त्यांना तो चालू करायचाय, नवा नकोय. "ड्रायव्हर", "गुणगुण", "दुरुस्ती", "मॅन्युअल", "जुना" हे सगळे निगेटिव्हमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत, गेले. लक्षात ठेवा, निगेटिव्ह शब्द स्वतःहून समानार्थी शब्द पकडत नाही. "दुरुस्ती" घातलं म्हणून "रिपेअर" अडत नाही, दोन्ही घालावे लागतात.

ब्रँडच्या नावांचंही तेच. बहुतेक विक्रेत्यांच्या अटींत त्यांच्या नावावर बोली लावायला मनाई असते. आपण ती लावली नसली तरी फ्रेज किंवा त्याहून सैल ब्रॉड मॅचमधून जाहिरात त्या नावावर झळकू शकते आणि कमिशन रोखलं जातं. म्हणून ऑफर मंजूर होताक्षणी विक्रेत्याचं नाव, त्याची चुकीची स्पेलिंग्ज आणि वेबसाइटचा पत्ता निगेटिव्हमध्ये टाकायचे, मगच कॅम्पेन चालू.

कुणी विचारेल, मधलं पान कशाला, थेट विक्रेत्याकडेच पाठवू. तो काळ गेला. 2005 मध्ये गूगलने एका शोधावर एका डिस्प्ले यूआरएलची (जाहिरातीत दिसणाऱ्या वेब पत्त्याची) एकच जाहिरात असा नियम केला, तेव्हाच थेट लिंकवाल्यांची गर्दी पातळ झाली. 2009 मध्ये अमेझॉनने उत्तर अमेरिकेत पेड सर्चमधून (पैसे देऊन लावलेल्या सर्च जाहिरातींतून) थेट पाठवलेल्या ग्राहकांवर फी देणं थांबवलं. आणि स्वतःचं काही नसलेलं, नुसतं पुढे ढकलणारं पान जाहिरात धोरणातही बसत नाही.

पानावरचा एक प्रश्न

पूर्वी पानाच्या माथ्यावर तुलनेचा तक्ता होता. आता त्याच्या वर एकच प्रश्न आहे: माइक कॉम्प्युटरला थेट जोडणार की ऑडिओ इंटरफेसमधून? (इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरला देणारा मधला डबा.) खाली दोन बटणं. थेट म्हणणाऱ्याला फक्त यूएसबी माइक दिसतात. इंटरफेसवाल्याला एक्सएलआर (तीन पिनांच्या केबलचे माइक), आणि शेजारी ठळक सूचना की कंडेन्सर प्रकारच्या माइकला 48 व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच मिळणारी वीज) लागते, ती आपल्या इंटरफेसमध्ये आहे का ते बघा.

यानंतर विक्रेत्याकडे जाणाऱ्यांचं प्रमाण घसरलं. नुसतं तेवढंच बघितलं असतं तर प्रश्न काढून टाकला असता. पण पुढच्या मुरलेल्या ओळींत रद्द होणारी कमिशनं चांगलीच कमी दिसली. एक्सएलआर माइक घेऊन घरी आल्यावर "हा जोडायचा कुठे?" म्हणणारा माणूस वस्तू परत करतो, आणि तो आता लिंकपर्यंत पोहोचत नाही. गळती कमी झाली की निव्वळ कमिशन वाढतं, म्हणजे बोली लावायला थोडी जागा मिळते. पानाच्या वरच्या भागातच "या लिंकवरून खरेदी झाली तर आम्हाला कमिशन मिळतं" ही ओळही आहे. तिने काही बिघडल्याचं आकड्यांत दिसलं नाही.

किरकोळ

नवं सर्च कॅम्पेन उघडताना डिस्प्ले नेटवर्क (इतर साइटवरच्या जाहिराती) आणि सर्च पार्टनर्सच्या (गूगलबाहेरच्या शोधसाइट) खुणा बघा, मी दोन्ही काढतो. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये "तिथे असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले" हा पर्याय आधीच निवडलेला असतो. विक्रेता ठरावीक भागातच माल पोहोचवत असेल तर फक्त "तिथे असलेले" ठेवा. रोजच्या बजेटच्या दुप्पट खर्च एखाद्या दिवशी होऊ शकतो. महिन्याची मर्यादा रोजच्या सरासरी बजेटच्या 30.4 पट असते, म्हणून दुप्पट दिवस दिसला की लगेच कॅम्पेन थांबवू नका.

पुढे

गूगल स्वतःच ठरवतं त्या ऑटोमॅटिक बोलीला अजून हात लावलेला नाही. चढवलेल्या कन्व्हर्जनची संख्या तिला शिकायला पुरेल इतकी होईपर्यंत बोली हातानेच. त्याआधी मोबाइल आणि कॉम्प्युटर वेगळे करून बघतोय. मोबाइलवर वाचून नंतर कॉम्प्युटरवर खरेदी करणारा माणूस सबआयडीच्या साखळीतून निसटतो, त्यामुळे मोबाइलचे आकडे आहेत त्यापेक्षा वाईट दिसत असणार अशी शंका आहे. तपासायला एक यूएसबी गट निवडलाय. त्याची मोबाइल बोली काही आठवडे शून्यावर नेणार आणि कॉम्प्युटरच्या विक्रीही सोबत घसरतात का ते बघणार. ओळी मुरल्या की शीटचे आकडे टाकतो.