दुकानात उरलेले अन्न मिळवताना नेमके अडते कुठे: नाशिकमधील माझा अनुभव

हॉटेलात किंवा मोठ्या किराणा दुकानात उरलेले चांगले अन्न गरजूंपर्यंत पोहोचवायचे म्हटले, की माणसे कुठून आणायची, गाडी कोणाची घ्यायची, भांडी कोण देणार, हेच प्रश्न सगळ्यांच्या मनात आधी येतात. आमच्या कामात यांपैकी कोणतीही गोष्ट फार काळ अडली नाही. अडले ते दुकानाच्या हिशेबाच्या टेबलावर, आणि तिथे जे महिने गेले त्यांची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही. इंदिरानगर आणि पाथर्डी फाटा भागातील आम्ही काही शेजारी मिळून हे काम करतो. मी स्वतः बँकेतून निवृत्त झाले आहे. आपल्या भागात असे काही सुरू करू इच्छिणाऱ्यांचा वेळ वाचावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

नोंदणीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाने, 2019 मध्ये अतिरिक्त अन्नाचे संकलन आणि वितरण यांसाठी स्वतंत्र नियमावली काढली असून, असे अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला तिच्यानुसार नोंदणी किंवा परवाना लागतो. आम्ही त्यांच्या फॉस्कॉस या परवाना-नोंदणीच्या पोर्टलवर अर्ज केला, वर्षाला 100 रुपयांप्रमाणे शुल्क भरले आणि प्रमाणपत्र मिळाले. त्यावरील 14 अंकी क्रमांक पुढे प्रत्येक दारात विचारला जातो, म्हणून प्रमाणपत्राच्या प्रती नेहमी पिशवीत असू द्याव्यात.

हॉटेलांचेही लवकर जमले. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरील ज्या हॉटेलांत मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, तिथे त्याने आचाऱ्याला हाक मारून "उद्यापासून यांना द्यायचं" एवढे सांगितले, की काम झाले. पातेल्यातील न वाढलेले अन्नच आम्ही घेतो. गिऱ्हाइकासमोर ताटात किंवा वाटीत गेलेले काहीही घेत नाही. भात मात्र जपून घ्यावा. बराच वेळ कोमट राहिलेल्या भातात तयार होणारे विष तो पुन्हा गरम केल्याने जात नाही, त्यामुळे दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेला भात आम्ही स्पष्टपणे नाकारतो. नाकारताना संकोच वाटतो, पण जे आपण आपल्या घरातल्या मुलांना वाढणार नाही ते दुसऱ्याच्या पानात वाढण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे माझे ठाम मत आहे. गरम अन्न 60 अंशांच्या वर आणि थंड अन्न 5 अंशांच्या खाली राहिले पाहिजे, यासाठी अन्नात टोक खुपसून तापमान दाखवणारा एक साधा प्रोब थर्मामीटर घ्यावा. आमच्या सगळ्या खर्चात सर्वाधिक उपयोगी पडलेली वस्तू तीच आहे.

खरी अडचण आली ती आमच्या भागातील एका मोठ्या साखळी दुकानात. त्याचे नाव मी लिहीत नाही. एके दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधी मी मागच्या दाराशी उभी होते. एक मुलगा पावाची पाकिटे कटरने फाडून पिंपात टाकत होता आणि कोणी उचलून खाऊ नये म्हणून दुसरा त्यांवर फिनाईल ओतत होता. बाजूला दह्याचे कप झाकणे फोडून बादलीत उलटे केले जात होते. पाकिटांवरची तारीख आदल्या दिवसाची होती. आदल्या रात्री शटर ओढले गेले तेव्हा हाच पाव खाण्याजोगा होता, विकण्याजोगाही होता. रात्रीच्या त्या शेवटच्या तासात तो बाहेर पडला असता तर निदान एका इमारतीवरच्या मजुरांची न्याहारी झाली असती. हे दृश्य पाहून मला अतिशय वाईट वाटले आणि त्याच दिवशी मी दुकानाच्या व्यवस्थापकाकडे गेले.

तो तरुण मुलगा होता आणि भला होता. तो म्हणाला, "काकू, मला द्यायचंच आहे, पण दिलेल्या मालाची एंट्री कुठे मारू?" त्याच्या या प्रश्नातच सगळी गाठ होती. त्यांच्या संगणकात माल तारीख उलटल्यावरच डम्पच्या, म्हणजे फेकायच्या मालाच्या, यादीत जात असे. तारखेच्या दिवशी रात्री तो अजून विक्रीचा माल असल्याने बिलाशिवाय दाराबाहेर जाऊ शकत नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो यादीत येई तेव्हा तारीख उलटलेली असल्यामुळे आम्हाला तो घेता येत नव्हता, कारण मुदत संपलेले अन्न विकता येत नाही तसेच वाटताही येत नाही. ही पद्धत बदलण्याचा अधिकार व्यवस्थापकाला नव्हता. त्याने क्षेत्रीय कार्यालयाकडे बोट दाखवले, त्या कार्यालयाने लेखा विभागाकडे, आणि लेखा विभागाने विधी विभागाकडे. प्रत्येक ठिकाणी आमचे काम फार चांगले आहे असे सांगितले जाई, आणि प्रत्येक ठिकाणी कागद मात्र खालीच राही. ज्याच्या सहीने अन्न फेकले जाते त्यालाच ते देण्याची सही का करता येऊ नये, या प्रश्नाचे उत्तर मला कोणीही दिले नाही.

लेखा विभागाचे म्हणणे असे होते, की माल दान केला तर त्यावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची मिळालेली वजावट) परत करावे लागेल आणि कंपनीचे नुकसान होईल. हे ऐकून बहुतेक लोक परत फिरतात. मी कायदा काढून वाचला. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, 2017 याच्या कलम 17(5) मधील एच या खंडात हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट केलेला, निर्लेखित केलेला (हिशेबातून तोटा म्हणून काढून टाकलेला) आणि भेट किंवा मोफत नमुना म्हणून दिलेला असा सगळा माल एकाच ओळीत आहे. म्हणजे पाव फिनाईल ओतून नष्ट केला काय किंवा मजुराला दिला काय, कराच्या दृष्टीने फरक पडत नाही. क्रेडिट दोन्हीकडे सारखेच जाते. शिवाय ताजी भाजी, फळे आणि पाव यांवर जीएसटीच नसल्याने तिथे परत करण्यासारखे काही उरतच नाही. मी तो खंड छापून, खाली रेघ मारून लेखा विभागात नेला. बँकेत निर्लेखनाचे कागद मी आयुष्यभर हाताळले होते, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला आणि मला त्याचा अभिमान वाटला. समोरच्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला आणि त्यानंतर कराचा विषय पुन्हा निघाला नाही.

विधी विभागाला भीती होती ती अन्नातून कोणाला बाधा झाली तर काय, याची. त्यांना आमच्याकडून सर्व जबाबदारी घेणारे बिनशर्त हमीपत्र हवे होते. असे हमीपत्र कोणीही देऊ नये. देणाऱ्याने काय नोंदवायचे आणि घेणाऱ्याने काय सांभाळायचे हे 2019 च्या नियमावलीत वेगवेगळे दिलेले आहे, आणि त्याच आधारावर आम्ही एका पानाचा नमुना तयार केला: पदार्थ, वजन किंवा नग, शाकाहारी की मांसाहारी, पाकिटावरील तारीख, ताब्यात घेतल्याची वेळ, दोन्हीकडच्या सह्या आणि आमचा नोंदणी क्रमांक. प्रत्येक दिवसाच्या दोन प्रती होतात आणि महिनाअखेरीस बेरजेचे पत्र दिले जाते. अखेर मान्यता मिळाली ती या कागदामुळे. लेखा विभागाने संगणकात दानाचे वेगळे कारण उघडून दिले, आणि तारखेच्या दिवशी रात्री नऊनंतर बेकरी, दुग्धपदार्थ व भाजी-फळे त्या कारणाखाली काढण्याची मुभा व्यवस्थापकाला मिळाली. म्हणून माझे सांगणे असे, की दुकानात विनंतीचे पत्र घेऊन जाऊ नका. त्यांच्या फाइलला लावता येईल असा तयार कागद घेऊन जा आणि पहिल्याच भेटीत लेखा विभागातील माणसाला समोर बसवण्याचा आग्रह धरा.

बिस्किटे आणि पीठ यांसारखा बंद पाकिटातील माल मागण्यात वेळ घालवू नये. तो बहुधा डिस्ट्रिब्युटरकडे परत जातो आणि त्याची क्रेडिट नोट, म्हणजे किमतीची वजावट, मिळते, त्यामुळे दुकानदार तो सोडणार नाही.

आणखी एक शंका दुकानदार उघड बोलत नाहीत, ती म्हणजे दिलेला माल बाजारात स्वस्तात विकला जाईल किंवा बदलून मागायला परत येईल. आम्ही माल ताब्यात घेतानाच त्यांच्यासमोर काळ्या मार्करने बारकोडवर फुली मारतो आणि "अतिरिक्त अन्न, विक्रीसाठी नाही" असा कागद चिकटवतो. एवढ्याने त्यांची शंका फिटते, आणि तसे लिहिणे नियमावलीला धरूनही आहे.

वाटप कुठे करायचे, याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. रामकुंडावर दिवसभर कोणी ना कोणी अन्नदान करतच असते, त्यामुळे तिथे आणखी अन्न नेण्यापेक्षा जिल्हा रुग्णालयाबाहेर रात्र काढणारे रुग्णांचे नातेवाईक आणि बांधकामांवर राहणारी मजूर कुटुंबे यांच्याकडे आधी जावे. उरलेच तर भाज्यांचे देठ आणि खराब फळे ओल्या कचऱ्यात वेगळी करून सकाळी घंटागाडीत द्यावीत.

मिठाईच्या दुकानांबद्दल सांगायचे राहिले होते. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरही कधीपर्यंत खाण्यास उत्तम ती तारीख लावावी लागते, त्यामुळे भाऊबीज झाल्यावर दुकानदार स्वतःहून फोन करतात. अशा वेळी पेढे, बर्फी आणि इतर दुधाची मिठाई त्याच संध्याकाळी वाटून संपवावी, लाडू आणि शंकरपाळे दुसऱ्या दिवशीसाठी ठेवावेत, आणि त्या आठवड्यासाठी एखादी जादा दुचाकी आधीच सांगून ठेवावी.