एरोस्कोबिंग: एक रात्र तरी राहाच

डेन्मार्कला जाणारी आपली मंडळी बहुतेक कोपनहेगन उरकून परततात. हाताशी वेळ असेल तर दक्षिणेकडचं एरो बेट आणि तिथलं एरोस्कोबिंग हे गाव जरूर करा. आम्ही ट्रेनने ओडेन्सला गेलो, तिथे गाडी बदलून स्वेनबोर्गला उतरलो. फेरीबोटीचा धक्का स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. पुढे फेरीने सव्वा तास. कोपनहेगनपासून सगळे मिळून चार तास तरी धरा, आणि फेरीचं वेळापत्रक बघूनच ट्रेन ठरवा. कारची गरज नाही: गाव पायी फिरायचं आहे आणि बेटावरची बस फुकट आहे. उन्हाळ्यात कार न्यायचीच असेल तर फेरीवर जागा आधी राखून ठेवा.

एरोस्कोबिंगमध्ये सतराव्या-अठराव्या शतकातली बुटकी, रंगीत घरं अजून नांदती आहेत. दगडी फरसबंदीवर चाकांच्या बॅगा ओढताना जीव मेटाकुटीला येतो, सॅक बरी. खिडक्यांत चिनी मातीच्या कुत्र्यांच्या जोड्या दिसतात. घरधनी जहाजावर असला की कुत्र्यांची तोंडं बाहेर, परतला की आत, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण मग प्रत्येक खिडकीत डोकावल्याशिवाय पाय पुढे सरकत नाही!

मला सगळ्यात आवडलं ते बंदरावरचं छोटंसं रांधपघर. लाकडी जहाजं एकमेकांना खेटून उभी, एक ठिणगी पडली तरी सगळा ताफा खाक. म्हणून बंदरात जहाजावर चूल पेटवायला बंदी होती आणि खलाशी इथे येऊन रांधायचे. पीटर याकोबसेन हाही जहाजावरचा आचारीच. त्याने बाटल्यांत सुमारे १,७०० जहाजं बसवली. त्यांतली बरीच गावातल्या संग्रहालयात आहेत. शिडाच्या दोऱ्या डोळे बारीक करून बघाव्या लागतात. तिकीट वसूल.

व्यवहाराचं सांगायचं तर इथे युरो नाही, क्रोन चालतो, आणि कार्डावर सगळं भागतं. बंदरावर धुरावलेले मासे झकास मिळतात. शाकाहारी असाल तर पर्याय तोकडे, त्यापेक्षा स्वयंपाकघराची सोय असलेली खोली घ्या; गावात सुपरमार्केट आहे. हिवाळ्यात बरंच काही बंद असतं. जून ते ऑगस्ट उत्तम, पण खोल्या महाग. तरी मुक्काम करा. दिवसभराचे पाहुणे संध्याकाळच्या फेरीने गेले की गाव मोकळं होतं, आणि रंगीत लाकडी खोपट्यांच्या वेस्टरस्ट्रँड किनाऱ्यावर सूर्यास्त बघायला उशिरापर्यंत उजेड असतो.

परतीला तीच वाट नको असेल तर बसने बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या सोबी गावाला जा. तिथून शेजारच्या आल्स बेटावरच्या फ्यून्सहाऊला ‘एलेन’ ही २०१९ पासून चालणारी, पूर्ण बॅटरीवरची फेरी जाते.