डिव्हिजन बेल मला का आवडतो, तुम्ही विचारलंत म्हणून

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की मला हटकून विचारतात, समीक्षकांनी इतका धुतलेला त्यांचा डिव्हिजन बेल हा अल्बम तुला एवढा का आवडतो? तर सांगतो.

१९९४ मध्ये हा अल्बम आला तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत चार्टवर एक नंबरला गेला, पण बऱ्याच रिव्ह्यूजचा सूर एकच होता की रॉजर वॉटर्सशिवाय (बँडचा मुख्य गीतकार, जो आधीच बाहेर पडला होता) हे फ्लॉइड नाहीच, नुसतं गुळगुळीत प्रॉडक्शन आहे. स्वतः वॉटर्सनेही कचरा म्हणून निकाली काढला. शब्दांबद्दलची तक्रार मला पटते, गिटारिस्ट-गायक डेव्हिड गिल्मोर आणि लेखिका पॉली सॅमसन यांनी लिहिलेल्या काही ओळी खरंच मोघम आहेत, वॉटर्ससारखी धार नाही.

पण सगळे वॉटर्स कुठेय ते शोधत बसले आणि बँडचा कीबोर्डवादक रिक राइट परत आलाय हे कोणी नीट ऐकलंच नाही!! या माणसाला द वॉल या अल्बमच्या वेळी बँडमधून काढलं होतं, नंतर त्याच टूरवर तो पगारी म्हणून वाजवत होता, १९८७ च्या अल्बममध्येही जवळपास पाहुणाच. आणि १९९३ मध्ये गिल्मोर, ड्रमर निक मेसन आणि तो असे तिघं ब्रिटानिया रो स्टुडिओत बसून सुचेल ते वाजवत गेले, त्यातून ही गाणी निघाली. विश यू वर हिअर (१९७५ चा अल्बम) नंतर पहिल्यांदा गाण्यांवर रचनाकार म्हणून त्याचं नाव आलं, ते पण ११ पैकी ५ ट्रॅक्सवर. वेअरिंग द इनसाइड आउट हे गाणं तर तो स्वतः गातो, शब्द अँथनी मूरचे आहेत, पण वर्षानुवर्षं गप्प राहिलेला माणूस हळूहळू बोलायला लागतो हे त्या थकलेल्या आवाजात ऐकताना मला ते राइटचंच वाटतं, आणि मध्ये डिक पॅरीचा सॅक्सोफोन येतो, तोच जो १९७३ च्या डार्क साइड ऑफ द मून अल्बमवर होता. अख्खा अल्बमच माणसांमधला तुटलेला संवाद या विषयावर आहे मग हे गाणं बाजूला ठेवून त्याला पोकळ कसं म्हणणार?

याच अल्बममधल्या मरून्ड या वाद्यसंगीताच्या ट्रॅकला ग्रॅमी मिळालं, गिटारचं कौतुक झालं, ठीक आहे, पण त्या गिटारखाली राइटचे कीबोर्ड्स काय करतात ते एकदा हेडफोन लावून ऐका. राइट २००८ मध्ये वारला, आणि त्याच १९९३ च्या सेशन्समधल्या उरलेल्या रेकॉर्डिंगवरून बँडने २०१४ मध्ये एंडलेस रिव्हर हा अल्बम केला, त्यालाही रिव्ह्यूज संमिश्रच मिळाले. तो डिव्हिजन बेलनंतर लगेच ऐका, आधी नको.