मध्यंतरानंतरचा लॉरेन्स

शनिवार, रात्री

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ ज्याने मोठ्या पडद्यावर पाहिला नाही त्याने तो पाहिलाच नाही, असे जाणकार मंडळी इतक्या ठामपणे सांगत आली आहेत, की घरच्या टीव्हीवर तो लावताना आपण काहीतरी गैर करत आहोत असे वाटू लागते. भाचीने परदेशातून आणलेली ४के (अतिसुस्पष्ट चित्राची) डिस्क आज लावली तेव्हाही तसेच वाटले. (या नव्या डिस्कना प्रदेशाचे बंधन नसते, ही मोठी सोय आहे. डीव्हीडीच्या काळात बाहेरून आणलेली डिस्क इथल्या प्लेअरने नाकारली, की हौशी माणसाचे तोंड पाहण्यासारखे होई.) मध्यंतरापर्यंतचा भाग पाहून झाला आहे, आणि जाणकारांचे म्हणणे अर्धे तरी खरे आहे, हे मान्य करायला हवे.

पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्धच्या अरब बंडात सामील झालेल्या टी. ई. लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्याची ही कथा दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी नेहमीपेक्षा रुंद अशा ६५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर चित्रित केली आणि चित्रपट ७० मिलिमीटरच्या प्रिंटवरून दाखवला जावा, हे गृहीत धरूनच प्रत्येक चौकट मांडली. शरीफ अली हा अरब सरदार प्रथम दिसतो तो प्रसंग घ्या. छायालेखक फ्रेडी यंग यांनी त्यासाठी दूरचे जवळ आणणारे ४८२ मिलिमीटरचे खास भिंग वापरले. क्षितिजावर मृगजळ थरथरत असते, त्यात एक काळा ठिपका उमटतो, आणि त्या ठिपक्याचा उंटस्वार होईपर्यंत दिग्दर्शक आपल्याला विहिरीजवळ नुसते ताटकळत ठेवतो. आमच्या पिढीतील पुष्कळांनी हा चित्रपट पहिल्यांदा व्हीएचएस कॅसेटवर पाहिला, आणि कॅसेटवर तो ठिपकाच नाहीसा झालेला असे. मूळ चौकटीची रुंदी उंचीच्या २.२० पट, जुन्या टीव्हीची १.३३ पट. पडदा पूर्ण भरण्यासाठी चौकटीच्या बाजू छाटल्या, की सुमारे ४० टक्के चित्र बाहेर राहते. समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी एकच दिसायचा आणि दुसऱ्याचा आवाज तेवढा यायचा. तरीही कॅसेट परत करताना मन भारावलेले असे, याचे आज मला अधिक नवल वाटते.

डिस्कवर सुरुवातीला मॉरिस जार यांचे संगीत काळ्या पडद्यावर काही मिनिटे वाजत राहते. घरातल्यांना टीव्ही बिघडला असे वाटले, आणि मी रिमोट लपवून ठेवला. हे संगीत गाळून पुढे जाऊ नये असे माझे मत आहे, कारण चित्रपट आपल्या गतीने चालणार आहे, प्रेक्षकाच्या नव्हे, याची सूचना तिथेच मिळते.

मात्र ‘मोठ्या पडद्यावरचाच तो खरा’ या म्हणण्यात एक अडचण आहे. १० डिसेंबर १९६२ रोजी लंडनमध्ये पहिला खेळ झाला तेव्हा चित्रपट २२२ मिनिटांचा होता. लवकरच त्याला कात्री लागून तो २०२ मिनिटांवर आला आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा १८७ मिनिटे उरली होती. म्हणजे त्यानंतरची कित्येक वर्षे चित्रपटगृहात जाऊन, भल्यामोठ्या पडद्यासमोर बसून, लोक तुकडे काढलेला चित्रपट पाहत होते. रॉबर्ट हॅरिस यांनी गळालेले भाग शोधून १९८९ मध्ये चित्रपट पुन्हा जोडला, पण काही प्रसंगांचा आवाज हरवला होता. तेव्हा लॉरेन्स झालेले पीटर ओटूल आणि अ‍ॅलेक गिनेस यांनी पंचवीसहून अधिक वर्षांनी आपापले संवाद नव्याने म्हटले. ब्रिटिश सेनापती अ‍ॅलन्बी झालेले जॅक हॉकिन्स हयात नव्हते, म्हणून त्यांच्या जागी चार्ल्स ग्रे यांनी आवाज दिला. २०१२ मधील पन्नाशीच्या निमित्ताने मूळ निगेटिव्ह ८के क्षमतेने स्कॅन करण्यात आले, तेव्हा वाळवंटातील उष्णतेने फिल्मच्या थराला पडलेल्या बारीक भेगा दिसल्या आणि त्या संगणकावर बुजवाव्या लागल्या. या साऱ्या खटाटोपाचे फळ आता दिवाणखान्यात पोहोचले आहे. मी आज जे पाहिले, ते सत्तरच्या दशकातील चित्रपटगृहाने दाखवलेच नव्हते.

पहिल्या भागात माझे लक्ष प्रत्येक वेळी आय. एस. जोहर यांच्याकडे जाते. हिंदी चित्रपटांत हसवणारे, ‘जौहर मेहमूद इन गोवा’वाले जोहर इथे गासिम झाले आहेत. नफूद वाळवंट ओलांडताना गासिम उंटावरून पडतो, सगळे त्याला मृत्यूच्या हवाली करून पुढे जातात, आणि लॉरेन्स एकटा मागे फिरून त्याला घेऊन येतो. साहसपटात याहून मोठा विजय कोणता असणार? पण तुर्कांच्या ताब्यातील अकाबा बंदरावर चाल करण्याआधी टोळ्यांमध्ये खून होतो. वैर पेटू नये म्हणून, कोणत्याही टोळीचा नसलेला लॉरेन्स खुन्याला स्वतः गोळी घालायला पुढे होतो. खुनी मान वर करतो, तो गासिम असतो. जोहर यांच्या त्या वर उचललेल्या चेहऱ्यावर मी आज चित्र थांबवले. त्यात विनवणी नाही, बचावाची धडपडही नाही. केवळ थकवा आणि ओळख आहे. पुढे कैरोत लॉरेन्स जनरल अ‍ॅलन्बीला सांगतो, की आपल्याला ते करताना आनंद वाटला. थोड्या वेळाने मध्यंतराची पाटी येते. आम्ही तिथेच थांबलो.

रविवार, दुपारी

दुसऱ्या भागाविषयी जुनी तक्रार अशी, की तो रेंगाळतो. अकाबा जिंकून झालेले असते, वाळवंटाची नवलाई ओसरलेली असते आणि प्रेक्षक घड्याळ पाहू लागतो. आज सकाळी, नाश्ता करून, ताज्या डोक्याने हा भाग पाहिल्यावर मला वाटते, की दोष चित्रपटाचा कमी आणि आपल्या थकव्याचा जास्त आहे. पावणेचार तासांच्या बैठकीतील शेवटचा दीडेक तास कोणाच्या वाट्याला आला तरी तो जडच जाणार. घरी पाहताना मध्यंतर रात्रभराचे करता येते, आणि मग हा भाग त्याच माणसाचा दुसरा चित्रपट म्हणून समोर येतो.

आणि हा दुसरा चित्रपट वेगळाच आहे. रुळांवरून घसरलेल्या आगगाडीच्या टपावर पांढऱ्या वस्त्रांत चालणारा लॉरेन्स हे त्यातील शेवटचे निखळ साहसाचे दृश्य म्हणता येईल, आणि तिथेही खाली एक अमेरिकी पत्रकार कॅमेरा घेऊन उभा आहेच. वीर आणि त्याची प्रसिद्धी एकाच चौकटीत आहेत. त्यानंतर माणसे हळूहळू वाळूवरून खोल्यांमध्ये येतात: डेरा शहरातील तुर्की अधिकाऱ्याची खोली, अ‍ॅलन्बीची कचेरी, दमास्कसमधील गोंगाटाची सभा, पाण्यावाचून तडफडणाऱ्या जखमींनी भरलेले रुग्णालय. इथे महत्त्व क्षितिजाचे नसून चेहऱ्यांचे आहे, आणि चेहरे पाहायला घरचा पडदा पुरेसा आहे. किंबहुना तो अधिक बरा, असे म्हणण्याचे धाडस मी करतो.

याचे एक उदाहरण नोंदवतो. पहिल्या भागात अलीने दिलेली शुभ्र वस्त्रे घातल्यावर लॉरेन्स एकटाच वाळूत बागडतो आणि खंजीर उपसून त्याच्या पात्यात स्वतःला न्याहाळतो. दुसऱ्या भागात, तफस गावाजवळ माघार घेणाऱ्या तुर्की सैनिकांची कत्तल झाल्यानंतर, तो रक्ताने माखलेल्या खंजिरात पुन्हा स्वतःकडे पाहतो. मी लगेच पहिली डिस्क काढून आधीचे दृश्य पुन्हा पाहिले. हावभाव तोच, वस्त्रे तीच, आणि दोहोंमध्ये गासिम आणि लॉरेन्सचे पोरसवदा सेवक दाऊद, फराज यांचे मृत्यू. दोन दृश्ये अशी शेजारी ठेवणे चित्रपटगृहात शक्य नसते. दिग्दर्शकाने मात्र ती मनात शेजारीच ठेवली असणार.

एवढे मानूनही काही गोष्टी खटकतात, आणि चित्र जितके स्वच्छ तितक्या त्या ठळक होतात. गिनेस यांचा राजपुत्र फैसल आणि अँथनी क्विन यांचा टोळीप्रमुख औदा यांच्या चेहऱ्यांवरचा रंग आता लपत नाही. अरबांच्या बंडाच्या कथेत मोठ्या अरब भूमिकांपैकी अली झालेल्या इजिप्तच्या ओमर शरीफ यांचीच तेवढी रंगाच्या आधाराशिवाय उभी राहते. संपूर्ण चित्रपटात एकाही स्त्रीला संवाद नाही. शिवाय प्रत्यक्षातील लॉरेन्स ओटूल यांच्यापेक्षा बराच ठेंगणा होता आणि युद्धानंतर नाव बदलून हवाई दलात साधा सैनिक म्हणून राहिला. १९२७ मध्ये तो कराचीत नोकरीला होता, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. म्हणजे काही काळ तो आमच्या आजोबांच्याच इलाख्यात राहत होता. त्या वर्षांचा चित्रपटात उल्लेखही नाही, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. लीन यांना चरित्र सांगायचे नव्हते. सुएझच्या पलीकडच्या काठावरून एक मोटारसायकलस्वार ओरडून ‘तू कोण आहेस?’ असे विचारतो आणि लॉरेन्स उत्तर देत नाही, तेवढाच त्यांचा विषय होता.

हा साहसपट टिकून राहिला याचे कारण मला आज असे दिसते, की तो आधी साहसाची चटक लावतो आणि मग तीच चटक तपासायला बसतो. पहिले काम करायला मोठा पडदा हवा, हे जाणकारांचे म्हणणे मी सोडणार नाही. दुसऱ्या कामाला निवांतपणा, थांबण्याची मुभा आणि मागे जाण्याची सोय लागते. एखाद्या महोत्सवात हा चित्रपट पुन्हा लागला तर मी तिकीट काढून जाईनच. फक्त मध्यंतरात घरी परतू देतात का, हे आधी विचारून घेईन.